पाँववाले डॉक्टरसाब

मी इंदूरला आले ती लग्न होऊन, नगरहून. नवरा इथे बँकेत होता आणि मी नुकतीच सर्जरीत एम.एस. झाले होते. शहरातल्या एका मोठ्या शिकवणाऱ्या हॉस्पिटलात लेक्चररची जागा मिळाली, पण मला कोणत्या युनिटमध्ये बसवायचं यावरून आठवडाभर माझा फुटबॉल झाला. सर्जरीत बाई म्हणजे त्या काळी अडचणच. एका प्रमुखांनी "स्त्रीरोग विभागात जागा आहे हं" असं मायेनं सुचवलं. दुसऱ्यांनी "उद्या मुलंबाळं होतील, मग?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता फाइल पुढे सरकवली.

सरकत सरकत ती फाइल मागच्या इमारतीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत पोचली. दारावर हातानं रंगवलेली पाटी होती, 'रक्तवाहिनी विभाग'. आत पन्नाशीचे, बुटके, जाड भिंगांचा चष्मा लावलेले एक गृहस्थ दोन्ही तळहात एकमेकांवर घासत बसले होते. थंडी नव्हती, एप्रिल होता. हेच डॉ. गोविंद मुळ्ये.

"नगरच्या का? बसा. आमच्याकडे पंखा एक, टेबलं दोन आणि पाय पुष्कळ. चालेल?"

"चालेल, सर."

"चालेल म्हणालात ते बरं केलंत. इथे सगळं चालण्यावरच आहे."

बाई असण्याबद्दल त्यांनी मला काहीही विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि पुढच्या अकरा वर्षांत कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी राउंडला मी कागद घेऊन ताठ उभी राहिले आणि वाचायला लागले, "बेड नंबर नऊ, बर्गर्सची केस, डावं पाऊल..."

"बाई," सर म्हणाले, "केस डोक्यावर असतात. पलंगावर कोण आहे?"

मी कागदात नाव शोधू लागले. सर थांबून राहिले. ते थांबले की सगळा राउंड थांबायचा, त्याचा त्यांना अजिबात संकोच वाटत नसे. शेवटी पलंगावरच्या माणसालाच माझी दया आली.

"बद्रीलाल, मॅडमजी," तो म्हणाला. "मिल में हूँ. लूम पे."

बद्रीलाल पस्तिशीचा असेल. डावा पाय पलंगाखाली लोंबता सोडून, दोन्ही हातांनी गुडघा आवळून बसला होता. आडवं झालं की कळा असह्य व्हायच्या. करंगळीशेजारचं बोट काळं पडलेलं होतं. हा आजार इथे आमच्या रोजच्या पाहण्यातला. तंबाखूनं हातापायांच्या रक्तवाहिन्या आतून बुजत जातात. आधी चालताना पोटरी दुखते, मग बसल्या जागी, मग बोटं जातात. मिलच्या कामगारांत बिडी सगळ्यांनाच, त्यामुळे आमच्या वॉर्डातले अर्धे पलंग परदेशीपुऱ्याचे, म्हणजे मिलवाल्यांच्या वस्तीचे.

सरांनी कोपऱ्यातलं एक ठेंगणं स्टूल स्वतः उचलून आणलं, त्यावर बसले आणि बद्रीलालचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. एप्रनला काय लागतंय ते पाहिलं नाही. घोट्यामागे दोन बोटं टेकवली, डोळे मिटले आणि तसेच बसून राहिले. मग मला म्हणाले, "बघा."

मी वाकले. दहा सेकंदांत म्हणाले, "नाडी नाही, सर."

"त्याला नाही, की तुम्हाला लागली नाही?"

माझे कान तापले. सरांनी उठून मला त्या स्टुलावर बसवलं. "दाबू नका. दाबलंत तर तुमचीच नाडी तुम्हाला लागेल. हात गरम आहेत ना? आता गप बसा." मी गप बसले. एक मिनिट गेलं असेल, दोन गेली असतील. आणि मग बोटाखाली काहीतरी हललं. फार बारीक. उंबऱ्याशी आलेल्या माणसानं आत यावं की नको असं करावं तसं. मी वर पाहिलं. सर हसले नाहीत, नुसती मान हलवली.

"याचा पाय गुडघ्याखाली कापा, असं दोन ठिकाणी सांगून झालंय," ते मला मराठीत म्हणाले. "कापणं काय, ते कधीही करता येतं. परत लावता येत नाही."

सरांनी पाय राखला. बोट तेवढं गेलं. पण अट घातली ती बिडीची.

बिडीच्या बाबतीत मुळ्ये सर पोलिसाच्या वरताण होते. रुग्णांच्या उशा उलटायचे, खिसे झाडायचे, भेटायला आलेल्या मेहुण्याचीसुद्धा झडती घ्यायचे. इंदुरी हिंदीत त्यांचं भाषण ठरलेलं असे. "देखो भिया, या तो बिडी रखो या पाँव. दोनों एक घर में नी रे सकते." एका सकाळी ते भाषण ऐन रंगात आलेलं असताना बद्रीलाल हळूच म्हणाला, "साब, एक बात बोलूँ? बुरा तो नी मानोगे?"

"बोलो."

"आपके मुँह से भी बास आ री हे."

सर मागच्या जिन्यात जाऊन सिगारेट ओढतात हे साऱ्या हॉस्पिटलला माहीत होतं. फक्त ते कुणालाच माहीत नाही, असं सरांना वाटत होतं. मला वाटलं, आता काही खरं नाही. सर लाल झाले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून बद्रीलालच्या पलंगावर ठेवलं.

"ठीक है. तू भी बंद, मैं भी बंद. मंजूर?"

"मंजूर, साब."

पुढचा महिना आम्ही सगळ्यांनी भोगला. सर कशावरूनही खेकसायचे. खिशात भाजलेली बडीशेप असायची, ती चघळत राउंड घ्यायचे. नऊ नंबरच्या पलंगाशी आले की दोघं एकमेकांकडे बघायचे.

"कैसा हे, साब?"

"बहोत बुरा."

"मेरा भी."

नलिनीकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मला एकदा म्हणाल्या, "बावीस वर्षं मी सांगतेय, सोडा. माझं नाही ऐकलं, नि त्या बद्रीलालचं ऐकलं. त्याला माझ्याकडून एक दिवस जेवायला बोलवा."

बोलावलंही. बद्रीलाल काठी टेकत, धुतलेला सदरा घालून आला आणि पुरणपोळीवर इतकं तूप पाहून आधी बिचकला. मग चार खाल्ल्या.

सरांचे वडील मिलच्या टाइम ऑफिसात कारकून होते. सर मिलच्याच चाळीत वाढलेले. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. त्यामुळे बोलणं असं की अर्ध्या वाक्यात मराठी, अर्ध्यात हिंदी, मध्येच माळवीचा एखादा हेल. मला म्हणायचे, "तुमची मराठी फार इस्त्रीची आहे, बाई. परदेशीपुऱ्यात घातली तर मळेल." हळूहळू माझीही मळली. आता नगरला गेले की वहिनी हसतात.

मी आले तेव्हा मिलांना घरघर लागलेलीच होती. मग एकेकीच्या फाटकाला कुलूप पडत गेलं. कुठे पाळी बंद, कुठे वीज तोडलेली, कुठे नुसतीच एक नोटीस. त्याच वर्षांत दुसरीकडे शहर भराभर बदलायला लागलं. नव्या गाड्या, नव्या दुकानांच्या काचा, आणि नवी खासगी हॉस्पिटलं. आमच्या विभागात माझ्याबरोबरचा डॉ. जैन म्हणून एक हुशार मुलगा होता. त्याला अशाच एका नव्या हॉस्पिटलानं उचललं. तिथे रक्तवाहिन्यांचे फोटो काढायचं बाहेरून आणलेलं मशीन होतं. आमच्याकडचं तसं मशीन सहा महिने चालायचं आणि सहा महिने दुरुस्तीच्या कागदांत असायचं.

जैन निरोप घ्यायला आला तेव्हा आम्ही सगळे फुगून बसलो होतो. सर मात्र त्याला चहा पाजत होते. "जा भिया. मशीन शिकून घे नीट. आम्हाला लागेल." जैनचे डोळे भरून आले. त्याला वाटलं होतं, शिव्या बसतील.

मग एका गुरुवारी सर ओपीडीतून बाहेर आले आणि रिकाम्या बाकांकडे बघत उभे राहिले. गुरुवार हा आमचा मिलवाल्यांचा दिवस.

"हे सगळे बरे झाले का, बाई?"

"येत नाहीयेत, सर."

"का?"

मला माहीत नव्हतं. सरांना "माहीत नाही" या उत्तराचा राग येत नसे, पण त्यानंतर आपण जागचं हललो नाही तर यायचा. त्याच दुपारी आम्ही दोघं टेंपोनं परदेशीपुऱ्याला गेलो.

दुपारी दोन वाजता सगळे पुरुष घरी होते. ओट्यांवर, खाटांवर, टपऱ्यांपाशी. पत्ते, बिडी आणि गप्प बसणं. मिल चालू असताना विम्याचं कार्ड होतं, सुट्टी होती, दवाखान्यात जाणं म्हणजे सरळ काम होतं. आता कार्डाचं काय झालं ते कुणालाच धड ठाऊक नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती. बद्रीलालचं घर एका गल्लीच्या टोकाला होतं. दारातच त्याची बायको कमलाबाई शिवणयंत्रावर पायजमे शिवत बसली होती, शेजारी कापडाचा ढीग. मागे खाटेवर बद्रीलाल. उजवा पाय खाली लोंबता सोडून.

उजवा. मी ते पाहिलं आणि सरांनीही पाहिलं. खाटेखाली बिडीची थोटकं होती.

बद्रीलाल धडपडून उठायला लागला. सरांनी त्याला खांद्यावर हात ठेवून बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसले.

"साब, मैंने..." त्यानं डाव्या पायानं थोटकं मागे सारली.

"डाँटो इनको, डाँटो," कमलाबाई यंत्र न थांबवता म्हणाली. "मेरी तो सुनते नी. दिनभर ये धुआँ."

"काम था तो टेम निकल जाता था, साब," बद्रीलाल जमिनीकडे बघत म्हणाला. "अब दिन खतम ही नी होता. आपने तो छोड रखी हे ना?"

"मैंने छोडी है. रोज याद आती है."

"मैंने वचन तोडा."

"तोडा. फिर से जोड लेंगे," सर म्हणाले आणि त्याचा उजवा पाय मांडीवर घेतला. डोळे मिटले. शिवणयंत्र थांबलं.

परतल्यावर हॉस्पिटलच्या दारात टेंपोतून उतरताना सर म्हणाले, "रविवारी सकाळी मोकळ्या आहात का? चालायचे बूट आहेत?"

अशी ती सुरुवात झाली. या आजारात चालणं हेच औषध असतं. कळ येईपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. मोठ्या नळ्या बुजल्या तरी बारीकसारीक वाटा उघडत जातात. पण घरी बसलेल्या, हरलेल्या माणसाला "रोज चाला" म्हणून कागदावर लिहून देण्यात काय अर्थ? बंद पडलेल्या मिलची एक लांबच लांब भिंत होती, सरळ, सावलीची. सरांनी रविवारी सकाळी फीत घेऊन ती मोजली आणि गेरूनं खुणा केल्या. दर दहा मीटरला एक रेघ.

मिलचा चौकीदार काठी घेऊन धावत आला. "ओ भिया, दीवाल क्यों खराब कर रिये हो? मालिक का माल हे."

"मालिक काँ हे?" सरांनी विचारलं.

चौकीदार विचारात पडला. मालक कुठे आहे ते खरंच कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटी त्यानं काठी भिंतीला टेकवली आणि फितीचं दुसरं टोक धरलं. पुढे त्याच्याच पोटऱ्या दुखतात असं निघालं आणि तोही आमचा रुग्ण झाला.

पहिल्या रविवारी तिघे आले. मग सात. मग आम्हाला नावांच्या चिठ्ठ्या कराव्या लागल्या. सर कॅनव्हासचे बूट घालून प्रत्येकाबरोबर एकेक फेरी मारायचे. माझं काम वहीत लिहायचं, कोण कोणत्या रेघेपर्यंत न थांबता गेला. गल्लीतले लोक सुरुवातीला टिंगल करायचे, "काँ चले भिया, सुबे-सुबे?" बद्रीलाल उत्तर द्यायचा, "दीवाल नापने. मिल वालों ने तो छोड दी, हमने पकड ली." मला वाटतं, औषधाइतकंच त्यांना ते बरं करत होतं. रविवारी सकाळी कुठेतरी जायचं आहे, कुणीतरी आपली वाट बघतंय आणि आपलं नाव एका वहीत आहे.

दीड-दोन वर्षांनी मी त्या वह्यांवरून एक शोधनिबंध लिहायला घेतला. निष्कर्ष झकास येत होता. माणसं दोन रेघांवरून दहा रेघांवर पोचली होती. मी खूश होऊन कागद सरांपुढे ठेवले. त्यांनी शांतपणे वाचले. मग जुन्या वहीची पहिली पानं उघडली.

"हा गणपत कुठे आहे यात? हा सलीम?"

"ते यायचे बंद झाले, सर. त्यांचा पूर्ण डेटा नाही, म्हणून वगळले."

"बाई, जे आले नाहीत ते कुठे गेले?"

मी वहीची पानं चाळू लागले.

"जे बरे झाले त्यांनाच धरलंत तर कुठलंही औषध चांगलंच निघेल. जा, शोधा त्यांना."

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पोटात पाच महिन्यांचं मूल घेऊन मी गल्ल्या पालथ्या घातल्या. एक जण गावी गेला होता, शेतावर, मजेत होता. एकाचा पाय दुसरीकडे कापून झाला होता. तो आपल्या ओट्यावर बसून मला म्हणाला, "मॅडम, पाँववाले डॉक्टरसाब को मत बताना. उनको बुरा लगेगा." मी सांगितलं. सर दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे गेले आणि त्याच्या कृत्रिम पायाच्या मागे वर्षभर लागले.

निबंध आता तितका झकास राहिला नाही. पण तो खरा होता. नियतकालिकाच्या परीक्षकानं एक प्रश्न पाठवला, रुग्णांना कोणत्या बनावटीच्या ट्रेडमिलवर चालवलं? सरांनी मला उत्तर सांगितलं, "लिहा, ट्रेडमिल नाही. नुसती मिल आहे, तीही बंद." मी अर्थातच तसं लिहिलं नाही, सभ्य भाषेत भिंतीचं वर्णन लिहिलं. निबंध छापून आला. त्यावर माझं नाव पहिलं होतं. मी तक्रार केली तर म्हणाले, "गल्ल्या कुणी पालथ्या घातल्या?"

बद्रीलालची बिडी या खेपेला खरंच सुटली. भिंतीच्या टोकापर्यंत तो जाऊ लागला होता. पण उजव्या पायाचं नुकसान आधीच झालेलं होतं. एका हिवाळ्यात त्याचं पाऊल पांढरं पडलं, टाचेवर जखम झाली आणि भरेना. पुन्हा तो वॉर्डात आला, पुन्हा रात्रंदिवस गुडघा आवळून बसू लागला. एकच उपाय उरला होता, मांडीतली एक शीर काढून बंद नळीला वळसा घालून खाली जोडायची. पण खाली जोडायला काही मोकळं आहे का, हेच कळत नव्हतं. आमचं मशीन नेमकं दुरुस्तीच्या कागदांत होतं.

सरांनी जैनला फोन केला. जैननं रविवारी स्वतः गाडी पाठवून बद्रीलालला त्या चकचकीत हॉस्पिटलात नेलं, स्वतः मशीनवर उभा राहिला आणि फोटो घेऊन संध्याकाळी स्वतःच आमच्याकडे आला. तिघांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. घोट्याजवळ एक बारीक धागा दिसत होता. मोकळा.

"आहे," जैन म्हणाला.

"आहे," सर म्हणाले आणि बराच वेळ तो फोटो खाली ठेवेनात.

ऑपरेशनला मी समोर, मदतनीस. शीर काढून झाली. वरचं टोक सरांनी जोडलं. मग घोट्यापाशी आलो. तिथे टाक्यांचा धागा केसाहून बारीक, आणि जोडायची नळी गव्हाच्या काडीएवढी. सरांनी सुई उचलली आणि सुईचं टोक हललं.

आधी मला वाटलं, दिव्याचा भास. त्यांनी हात मागे घेतला, मनगट टेकवलं, परत नेला. टोक परत हललं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मान दुसरीकडे वळवली. सरांचा उजवा हात चहाचा कप धरताना किंचित कापतो हे मी काही महिने पाहत होते आणि न पाहिल्यासारखं करत होते. आम्ही सगळेच करत होतो.

सरांनी सुई तबकात ठेवली. आवाज न करता.

"बाई, या बाजूला या."

"सर, मी इतक्या खाली कधी..."

"मी समोर आहे."

आम्ही जागा बदलल्या. सरांनी धागा धरला, तेवढ्यापुरता त्यांचा हात चालत होता. "घाई नको. रक्त थांबेल आपल्यासाठी. पहिला टाका टाचेकडचा. हं. आता पुढचा." एवढंच बोलत राहिले. कितवा टाका चाललाय, किती वेळ झालाय, काही नाही. शेवटची गाठ मारली तेव्हा माझ्या पाठीवरून घाम निथळत होता. वरचा चिमटा सोडला. शीर भरली, ताठ झाली. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन बोटं घोट्यामागे टेकवली. या वेळी मिनिटभर थांबावं लागलं नाही. ठणठणीत ठोका लागला.

सर म्हणाले, "बंद करून घ्या नीट," आणि बाहेर गेले. कपडे बदलायच्या खोलीत ते बराच वेळ एकटे बसले होते असं नंतर सिस्टरनी सांगितलं. त्यांना कुणी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला बद्रीलाल आडवा होऊन झोपला होता. आडवा! कमलाबाई शेजारी बसून त्याच्या पायाकडे नुसती बघत होती. आम्हाला पाहून उठली आणि सरांच्या पाया पडायला वाकली. सरांनी तिला अडवलं.

"टाँके मैंने नहीं लगाए," ते मोठ्यानं म्हणाले, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. "मॅडम ने लगाए हैं. मेरा हाथ अब काँपता है. मुझसे होता नहीं."

असं कुणी बोलतं? तीस वर्षं नावाजलेला सर्जन, आणि भरलेल्या वॉर्डात, ज्युनियर डॉक्टरांसमोर. बद्रीलालनं सरांच्या हाताकडे पाहिलं. मग चेहऱ्याकडे.

"तो साब, अब मैं किसको दिखाऊँ?"

"इनको. जब तक नौकरी है, मैं भी साथ खडा रहूँगा."

बद्रीलालनं माझ्याकडे वळून हात जोडले. मग मला म्हणाला, "तो मॅडम, अब डाँटना आप. जोर से डाँटना, साब जैसा."

त्या दिवसानंतर सरांनी चाकू धरला नाही. निवृत्तीला दोन वर्षं होती. त्या दोन वर्षांत ऑपरेशनच्या यादीत त्यांनी माझं नाव पहिलं लिहिलं आणि मदतनीस म्हणून खाली स्वतःचं. वरून विचारणा झाली, प्रोफेसर लेक्चररला मदत करतात हे दिसतं कसं? सरांनी उत्तर पाठवलं, ऑपरेशनला दुसरा हात लागतोच, तो माझा. ज्या बाईची फाइल तीन टेबलांवरून ढकलली गेली होती, तिला शहरातली अवघड ऑपरेशनं त्या दोन वर्षांत करायला मिळाली, समोर मुळ्ये सर उभे असताना. मी आज जे काही करते ते तिथून आलं आहे. माझा हात थांबला की अजून समोर कुणीतरी उभं आहे असं वाटतं आणि तो पुढे जातो.

निवृत्तीनंतर ते घरीच असत. हातातला तो काप कंपवाताचा निघाला आणि वाढत गेला. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायची. विभागातल्या गोष्टी सांगायची. नवी मुलं कोण आली, ती नावं विचारतात का, हे त्यांना आवर्जून हवं असे. बोलणं कमी झालं होतं, पण ऐकणं होतं तसंच होतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते घरी नाही. हिवाळ्यातली सकाळ, अकराचा सुमार. मी गाडीनं कृष्णपुऱ्याच्या पुलावर अडकले होते, पुढे-मागे हॉर्न. छत्र्यांच्या, म्हणजे जुन्या दगडी समाध्यांच्या बाजूला एक जामफळवाला, आपल्याकडचा पेरूवाला, गाडी लावून उभा होता, आणि त्याच्यासमोर कठड्याला टेकून सर आणि नलिनीकाकू. सर फार वाळले होते. मफलर गळ्याभोवती दोन वेढे. जामफळवाल्यानं फोडी करून, तिखट-मीठ लावून कागद सरांच्या हातात दिला. सरांनी एक फोड उचलली आणि काकूंच्या तोंडाशी न्यायला लागले. हात इकडे जाई, तिकडे जाई. काकूंनी तो हात धरला नाही, पुढेही झाल्या नाहीत. भर रस्त्यात तोंड उघडून, हसत, तो हात पोचायची वाट बघत उभ्या राहिल्या.

मी काच खाली केली, हाक मारणार होते. तेवढ्यात पुढची गाडी हलली, मागून हॉर्नचा कल्लोळ झाला आणि मला निघावं लागलं. आरशात पाहिलं तर फोड पोचली होती. काकू चावत होत्या, आणि सर दुसरी फोड उचलत होते.